रिंगेट : बर्फावरील कड्याचा खेळ

फलटण तालुक्यांत मुलीच्या हातीं हॉकीची काठी दिसली तर आतां कोणास नवल वाटत नाहीं. आसूच्या वैष्णवी फाळके हिनें २०२३ सालीं हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय संघाबरोबर कांस्यपदक मिळविलें. वाखरीची अक्षता ढेकळे २०२२ च्या कनिष्ठ विश्वचषकांत खेळली. तेव्हां या खेळाच्या एका दूरच्या बहिणीची ओळख आमच्या विद्यार्थिनींस करून द्यावी असें वाटतें.

कॅनडांतील नॉर्थ बे येथें १९६३ सालीं सॅम जॅक्स नांवाच्या गृहस्थांनीं रिंगेट हा खेळ मुलींकरितां रचिला. पायांत पात्यांचे बूट घालून तो बर्फावर खेळतात. चेंडूऐवजीं रबराचें कडें असतें. आपल्या टेनिकॉइटचें कडें डोळ्यांपुढें आणावें. काठी सरळ असून तिचें टोंक कड्याच्या पोटांत घालून तें ओढीत न्यावयाचें. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा खेळाडू. अंगानें धडक देण्यास मनाई आहे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. पडणें मात्र कोणासहि चुकत नाहीं.

या खेळाचें मर्म एका नियमांत आहे. मैदानावर दोन निळ्या रेषा आखलेल्या असतात. कडें नेणाऱ्या मुलीस तें घेऊन ती रेषा ओलांडतां येत नाहीं. रेषेपलीकडील सोबतिणीकडेच तें सारावें लागतें. त्यामुळें कोणी कितीहि चपळ असो, एकटीनें मैदानभर कडें नेणें अशक्य. चेंडू काठीशीं बिलगवून धांवणाऱ्या आमच्या कांहीं शूर मुलींस हा नियम आरंभीं अन्यायाचा वाटेल! शिवाय कडें हातीं आल्यापासून ३० सेकंदांत गोलावर फटका मारावा लागतो. रेंगाळण्यास सवड नाहीं.

नवशिक्या मुलीनें प्रथम काठी बाजूस ठेवावी. शिरस्त्राण व गुडघ्यांचीं वेष्टनें घालून, गुडघे वांकवून उभें राहणें, कुशीवर पडणें व पुन्हां उठणें, हे पहिले पाठ होत.

फलटणास बर्फ काय तो गोळेवाल्याच्या गाडीवर! परंतु हाच खेळ साधे बूट घालून सपाट फरशीवरहि खेळतात. टेनिकॉइटचें कडें, कापड गुंडाळलेली सरळ काठी व खडूची एक रेषा यांवर आरंभ करतां येईल. रेषेच्या दोहों अंगांस दोन-दोन मुली उभ्या कराव्या. कडें सोबतीण उभी असेल तेथें न सारतां ती जेथें पोहोंचेल तेथें सारावें, आणि घेणारीनें धांवतांनाच काठीचें टोंक त्यांत रोवावें. आठवडाभर बहुतेक कडीं भिंतीवरच जातील.