पोखऱ्याच्या लग्नाला निघण्याआधी

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टचीही सक्ती नाही, हे खरं आहे. पण म्हणून काहीच लागत नाही असं नाही, आणि नेमकं हेच पाहुण्यांना कुणी नीट सांगत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ हवंच. आधार कार्ड चालतं ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना. मधल्या वयाच्यांना नाही.

माझी धाकटी वहिनी मधल्या वयाची आहे.

लग्न माझ्या भाच्याचं होतं. शाळेची सगळी वर्षं तो साताऱ्याला या काकूकडेच राहिला. पहिली हळद तीच लावणार, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. व्यवस्था सगळी एका इव्हेंट कंपनीकडे. पत्रिकेबरोबर पाहुण्यांसाठी सूचनांची पीडीएफ आली. मेंदीला कोणता रंग, संगीताला कोणता, तळ्याकाठी संध्याकाळी गारठा असतो म्हणून शाल आणा, असं पानंच्या पानं. प्रवासाला अर्धं पान. त्यात ओळ होती: ‘पासपोर्टची गरज नाही, आधार कार्ड सोबत ठेवावे.’

मला ती ओळ खटकली. मी त्यांच्या समन्वयक बाईंना मेसेज करून विचारलं, ‘सगळ्या वयाच्या माणसांना आधार चालेल ना?’ उत्तर आलं, ‘हो मॅडम, निश्चिंत राहा.’ तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. पुढे ‘तुम्ही विचारलं का नाहीत’ असं मलाच ऐकवलं गेलं, म्हणून हे इथे लिहिते आहे.

मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने वहिनीचं आधार उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, व्होटर कार्ड?” ते साताऱ्याला कपाटात होतं. तो मुलगा उद्धट नव्हता. त्याने नियम वाचून दाखवला आणि वरिष्ठांनाही बोलावलं. वरिष्ठ म्हणाले, “आम्ही सोडलं तरी पुढे इमिग्रेशनला अडवतील.” मागे रांग खोळंबली होती. वहिनी ट्रॉलीवरची बॅग उतरवून बाजूला झाली आणि म्हणाली, “तुम्ही सगळे व्हा पुढे.” कुणाला काही कळायच्या आत तिने हळदीच्या साहित्याची पिशवी माझ्या हातात दिली होती.

मी समन्वयक बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “जरा रिक्वेस्ट करून बघा ना.” सरकारी नियमापुढे रिक्वेस्ट? मग म्हणाल्या, “बाकी पाहुण्यांना तर काही अडचण आली नाही.” बाकी पाहुण्यांकडे पासपोर्ट होते, म्हणून नाही आली. शेवटी, “सूचना फक्त मार्गदर्शनासाठी असतात, कागदपत्रांची जबाबदारी ज्याची त्याची.” अर्ध्या पानाचे पैसे घेताना ही जबाबदारी कुणाची होती, हे मी विचारलं तेव्हा फोन बंद झाला.

पिशवी मी पुढे पाठवली आणि वहिनीबरोबर थांबले. शेजारच्या मुलाने रात्रीच्या एसटीने मतदार कार्ड आणून दिलं. काठमांडूच्या विमानात जागा उरली नव्हती. पुन्हा त्याच बाईंचा सल्ला आला: गोरखपूरला उतरा, सोनौलीच्या सीमेवर आमची गाडी असेल, तिथून पोखरा चार तास.

चार तास हे शुद्ध खोटं आहे. सोनौली ते पोखरा सिद्धार्थ राजमार्गाने सुमारे १८० किलोमीटर, पण बुटवल सोडलं की सगळा डोंगर. सिद्धबाबाच्या मंदिराजवळचा पट्टा दरडींसाठी बदनाम आहे, आणि तिथे बोगद्याचं कामही काढलेलं आहे. रस्ता मोकळा असला तरी सात-आठ तास धरून चाला. त्यात डिसेंबरमध्ये गोरखपूरला धुकं असतं. आमचं विमान उशिरा उतरलं, तिथून सोनौली जवळजवळ १०० किलोमीटर, आणि सीमेवर पोचेपर्यंत अंधार पडला.

गाडी उभी होती, पण भारतीय नंबरची आणि विनापरवाना. भारतीय गाडी नेपाळमध्ये न्यायची तर पलीकडे बेलहियाच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या कस्टममध्ये, परवाना काढावा लागतो. ड्रायव्हर म्हणाला, “मला फक्त सीमेपर्यंत यायला सांगितलंय.” आम्ही दोघी बॅगा ओढत कमानीखालून चालत पलीकडे गेलो आणि नेपाळी नंबरची जीप ठरवली. फोन मुके झालेले. रात्रभर घाट. पोचलो तेव्हा सप्तपदी उरकली होती, हळद तर आदल्या दिवशीच. समन्वयक बाई मांडवाच्या दाराशीच होत्या. म्हणाल्या, “अरे वा, पोचलात! चहा घेता?” एक शब्द चुकीचा नाही, एक शब्द दिलगिरीचा नाही.

आता तुमच्यासाठी.

कागद: मूळ कार्ड न्या, मोबाइलमधला फोटो नको. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं, ते सुट्टी लागण्याआधीच घ्या. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेलं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा, उदाहरणार्थ रेशन कार्ड, यांवर सवलत मिळू शकते. पण त्यावर विसंबू नका. दुबई किंवा अन्य देशातून परस्पर काठमांडूला येणाऱ्या भारतीयांना पासपोर्टच लागतो.

परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक: ओसीआय कार्ड नेपाळमध्ये उपयोगी नाही. त्यांना नेपाळचा व्हिसा लागतो. तो विमानतळावर आणि सोनौलीसारख्या नाक्यावरही मिळतो. १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५०. डॉलर रोख ठेवा. रस्त्याने जाताना आधी भारताच्या बाजूला पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का घ्या. आपण भारतीय चालत निघून जातो, त्यांच्या मागे तेही निघतात आणि पुढे अडकतात. भारताचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही, हेही त्यांना आधीच सांगा.

पैसे: १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. १०० च्या वरच्या भारतीय नोटांचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा शंभराच्याच नोटा न्या. २०२४ पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर यूपीआय चालतं, पण त्याला इंटरनेट लागतं आणि भारतीय सिम रोमिंगशिवाय बंद पडतं. निघण्याआधी रोमिंग घ्या.

दागिने: लग्नघरचं सोनं पिशवीत लपवून नेऊ नका. सीमेवर जाहीर करा, पावती घ्या, ती परतीपर्यंत जपा.

रस्ता: विमान परवडत असेल तर काठमांडू आणि तिथून पोखरा विमानानेच, साधारण अर्धा तास. सोनौलीहून जायचं तर दिवसा निघा. नारायणगढ-मुग्लिंगवरूनही जाता येतं, पण तो रस्ता जवळजवळ ९० किलोमीटरने लांब. पावसाळ्यात दोन्ही टाळा. जुलै २०२४ मध्ये याच नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावर दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोचा. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे. मुहूर्त त्यांच्या वेळेचा असतो.

यजमानांनो, मांडव-फुलांचा खर्च तुमचा, पण प्रवासाची सूचना पाठवण्याआधी ती दूतावासाच्या किंवा इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. इव्हेंटवाल्यांवर सोडू नका.

आमच्या त्या कंपनीने नंतरच्या एका लग्नाला तेच अर्धं पान पाठवलं. ती पीडीएफ माझ्या मैत्रिणीकडे आली आणि मी उघडून पाहिली, ओळ जशीच्या तशी. मैत्रिणीने यजमानांना लगेच फोन केला आणि दुरुस्ती करायला लावली. तुमच्या हाती असं पान आलं तर तुम्हीही तेच करा. लग्नघरात वाईट दिसेल म्हणून गप्प बसू नका.