आय-सेव्हनच्या स्टिकरला भुलू नकोस

अगं मने, लॅपटॉप विकायची घाई नको. "प्रोसेसर म्हातारा झालाय" असं दुकानदार म्हणाला म्हणे! त्याला काय, नवा खपवायचाय. चिपमध्ये हलणारं, घासणारं काही नसतं. तुझी आय-फाइव्ह ७२००यू २०१६मध्ये आली तेव्हा जेवढं काम उरकायची, तेवढंच आजही उरकते. कामंच वाढलीत.

व्हिडिओचंच घे. एव्ही-वन फॉरमॅट तुझ्या चिपनंतरचा. तो उलगडायची वेगळी सोय तिच्यात नाही, म्हणून सगळा भार कोअरवर, आणि कोअर दोनच. मग पंखा घोंघावणारच! इंटेलच्या लॅपटॉप चिपमध्ये ही सोय आली २०२० साली, ११व्या पिढीत.

आता एक कर. लॅपटॉप अडकला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू किती आणि डिस्क किती ते बघ. डिस्क शंभरावर आणि सीपीयू निवांत असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. एसएसडी टाकून घे, रॅम चारच जीबी असेल तर आठ कर. प्रोसेसर तेवढा बदलून मिळणार नाही. तो मदरबोर्डलाच सोल्डर केलेला आहे.

खरी अडचण विंडोजची. १०ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि ११ला इंटेलची ८वी पिढी लागते. ७वीतल्या अगदी मोजक्या चिप्सना सूट आहे, तुझीला नाही. धडधाकट यंत्र असं अडगळीत काढायला लावतात, याचा मला रागच येतो. पण अपडेट नसलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नकोस हं. लिनक्स मिंट घालून देते, लेक्चर आणि प्रोजेक्टला पुरेल.

तरी नवा किंवा सेकंडहँड घ्यायचाच असेल, तर स्टिकरवर जाऊ नकोस, पूर्ण मॉडेल नंबर वाच. आय-सेव्हन ७५००यू ऐकायला भारी, पण ७वी पिढी, दोन कोअर. आय-फाइव्ह ८२५०यू त्यानंतर वर्षभरातच आली, तिला चार. गिगाहर्ट्झचा मूळ आकडा मात्र पहिलीचा २.७ आणि दुसरीचा १.६, आणि दुकानदार नेमका तोच दाखवणार! १०२१०यूसारखा पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे पिढीचे.

पैसे द्यायच्या आधी नंबरचा फोटो मला पाठव. आणि बाबांना इतक्यात काही बोलू नकोस, आधी एसएसडी लावून बघू.