वाहनचालकाचा उन्हाचा चष्मा

हिवाळ्यातील संध्याकाळी पाचच्या सुमारास रायबंदरहून पणजीकडे वाहन हाकणाऱ्यास एक अनुभव नित्याचा आहे. पोर्तुगीज अमदानीत, १६३३-३४ साली, बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरांचा पूलवजा रस्ता जवळजवळ सरळ पश्चिमेस जातो. उजव्या हातास मांडवीचे पात्र, डाव्या हातास मिठागरे आणि समोर कलता सूर्य. ऊन वरून येत नाही. ते समोरून येते, पाण्यावरून उसळून येते आणि पुढच्या गाडीच्या पाठच्या काचेवरूनही येते. निरोगी डोळ्याचा मनुष्य येथे डोळे बारीक करून निभावून नेतो. परंतु ज्याच्या डोळ्यांस प्रकाशच सोसत नाही, त्याचे डोळे पाणावतात, पापण्या आपोआप मिटतात, आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून उन्हाचा चष्मा हा अशा चालकाच्या बाबतीत शोभेचा विषय नव्हे.

चष्म्याच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पाहिली पाहिजे. प्रकाश सहन न होणे हा स्वतंत्र रोग नसून बहुधा दुसऱ्या कशाचे तरी लक्षण असते. डोळे कोरडे पडणे, डोळे येणे, बुबुळाचा दाह, अर्धशिशी ही त्याची नेहमीची कारणे होत. कापणी-मळणीच्या दिवसांत भाताचे कूस डोळ्यात जाऊन बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा झाली, तरीही प्रकाश बोचू लागतो, आणि तेथे दुर्लक्ष केल्यास फूल पडून दृष्टी कायमची अधू होण्याचा धोका असतो. मोतीबिंदू वाढू लागला की समोरचा प्रकाश विखुरल्यासारखा दिसतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जग एकदम लख्ख भासते, कारण जुने पिवळसर झालेले भिंग गेलेले असते. डोळा लाल होऊन दुखत असेल, दृष्टी मंदावली असेल किंवा हा त्रास अचानक सुरू झाला असेल, तर गॉगल घेण्याऐवजी नेत्रतज्ज्ञ गाठावा. तपासणीसाठी औषध घालून बाहुली मोठी केली असेल, तर त्या दिवशी परतताना दुसऱ्याने गाडी चालवावी.

कारण कळल्यावर, आणि उपचार चालू असतानाही, चष्म्याचा प्रश्न उरतोच. येथे सर्वसामान्य समजूत अशी, की डोळा जितका नाजूक तितकी काच अधिक काळी घ्यावी. प्रस्तुत लेखकही या समजुतीला बळी पडला होता. बाजारात मिळाला तेवढा काळा चष्मा घेऊन दुपारी निघालो; उघड्या रस्त्यावर फार सुख वाटले. पुढे झाडांच्या दाट सावलीत गाडी शिरली, आणि डोक्यावर भारा घेऊन कडेने चाललेली एक वृद्धा अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही. ब्रेक वेळेवर लागला, इतकेच.

काच किती काळी, हे अदमासाने ठरविण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उन्हाच्या चष्म्यांचे शून्य ते चार असे पाच वर्ग आहेत. शून्य वर्गाची काच ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश आत सोडते. पहिल्या वर्गाची ४३ ते ८०, दुसऱ्याची १८ ते ४३, तिसऱ्याची ८ ते १८ आणि चौथ्याची केवळ ३ ते ८ टक्के. चौथा वर्ग बर्फाच्छादित पर्वतांसारख्या ठिकाणांसाठी असून वाहन चालविण्यास तो वर्ज्य आहे. चांगल्या चष्म्याच्या दांडीच्या आतील बाजूस किंवा सोबतच्या चिठ्ठीवर हा आकडा छापलेला असतो. तो नसेल तर दुकानदारास विचारावे, आणि त्यालाही सांगता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

आता थोडा हिशेब. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीच्या पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार व्हावा लागतो. समजा पुढील काच ७० टक्केच प्रकाश सोडते आणि डोळ्यांवरील चष्मा १२ टक्के. मग डोळ्यापर्यंत पोहोचतो तो ८.४ टक्के. म्हणजे मोटारीत बसलेल्या मनुष्याचा तिसऱ्या वर्गाचा चष्मा चौथ्याच्या उंबरठ्यावर येतो. तोच २५ टक्क्यांचा, दुसऱ्या वर्गाचा चष्मा घेतला तर १७.५ टक्के प्रकाश उरतो, आणि बहुतेकांस तेवढी सावली पुरते. उलट मोटारसायकलवाल्यापुढे पारदर्शक झडपेखेरीज काच नसते. आपल्याकडील पायलटांसारख्या दिवसभर उन्हात असणाऱ्यांस तिसरा वर्ग योग्य. मात्र शिरस्त्राणाची झडपच काळी असेल, तर आत पुन्हा काळा चष्मा चढवू नये.

काळेपणा आणि अतिनील किरणांपासूनचे रक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. अतिनील किरण डोळ्यास दिसत नाहीत. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे हे किरण अडविणाऱ्या चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेले असते. अशी काच बिनरंगाचीही असू शकते. याउलट जत्रेत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा गडद चष्मा हे किरण अडवीत नसेल, तर तो अपायच करतो. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि त्या मोठ्या दारातून किरण अधिक आत शिरतात. छापील अक्षरांवर विश्वास बसत नसेल, तर चष्मे बनविणाऱ्या बऱ्याच दुकानांत मोजण्याचे छोटे यंत्र असते. त्यावर काच धरून दाखविण्यास सांगावे. त्यात संकोच कसला!

रायबंदरच्या रस्त्यावरील झळाळीवर मात्र केवळ काळी काच पुरी पडत नाही. पाणी, ओला डांबरी रस्ता, गाडीचे बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यत्वे आडव्या दिशेने होतात. ध्रुवित, म्हणजे बोलीत ज्याला पोलराइड म्हणतात, ती काच उभी कंपनेच आत सोडते. त्यामुळे बाकीचे दृश्य फारसे काळोखे न होता पाण्यावरची झळाळी तेवढी गळून पडते. प्रकाश सोसत नसलेल्या चालकास हा गुण फार मोलाचा, कारण त्याला फिकट काचेवर भागविता येते. पारख सोपी आहे: असे दोन चष्मे एकमेकांसमोर धरून एक काटकोनात फिरवावा, दोन्ही खरे असतील तर काचा काळ्याकुट्ट होतात. दोष दोन आहेत. गाडीतील किंवा मोबाईलचा पडदा काही कोनांतून काळा दिसतो. आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाची चकाकीही नाहीशी होते. दुचाकीस्वाराने ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पहिल्या पावसात तीच चकाकी त्याला सावध करीत असते.

उन्हात काळ्या होणाऱ्या व सावलीत निवळणाऱ्या काचांविषयी पुष्कळ विचारणा होते. घराबाहेर, शेतात, शाळेच्या पटांगणावर त्या उत्तम. परंतु साधारणतः त्या अतिनील किरणांमुळे काळ्या होतात आणि मोटारीची पुढील काच हे किरण बहुतांशी अडविते. परिणामी गाडीत त्या हव्या तितक्या काळ्या होतच नाहीत. शिवाय निवळण्यास त्यांना काही मिनिटे लागतात, आणि बोगद्यात शिरणाऱ्यास ती मिनिटे कोण देणार?

रंगाविषयी थोडक्यात. करडा रंग सर्व रंगांस सारखाच मंद करतो, म्हणून सिग्नलचे दिवे जसेच्या तसे ओळखू येतात. तपकिरी काचेतून आकृती अधिक ठसठशीत भासतात. ढगाळ दिवशी ती बरी. निळ्या, तांबड्या व भडक गुलाबी काचा सिग्नल ओळखण्यात घोटाळा करू शकतात. अर्धशिशीच्या रुग्णांस डॉक्टर कधी गुलाबी छटेचा चष्मा सुचवितात. तो गाडीत वापरावा की नाही हे त्यांनाच विचारावे. वर गडद व खाली फिकट होत जाणारी काच चालकास सोयीची पडते, कारण खालच्या भागातून वेगदर्शकाचे आकडे वाचता येतात.

चौकटीची दांडी रुंद नसावी. बाजूने येणारी सायकल तिच्याआड लपते. काच पॉलिकार्बोनेटची असावी, कारण ती सहसा फुटत नाही व अतिनील किरणही स्वतःच अडविते. चष्मा हातभर अंतरावर धरून दाराच्या चौकटीची रेघ पाहावी व तो हळूहळू सरकवावा. रेघ वाकडी झाली तर चष्मा परत करावा. ज्यांस नंबर आहे, त्यांनी नंबर घालूनच उन्हाचा चष्मा करून घ्यावा. पुष्कळदा पुढे आलेल्या काठाची टोपी आणि गाडीतील ऊन-पट्टी यांनी जे काम होते, ते अधिक काळ्या काचेने होत नाही. घरात व कचेरीत काळा चष्मा लावून बसण्याची सवय तर टाळावीच. डोळा अंधारास सरावतो आणि मग साधा उजेडही टोचू लागतो.

सूर्य मावळला की चष्मा उतरावा. ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी कोणतीही काच संधिप्रकाशात व रात्री चालविण्यास योग्य मानलेली नाही. रात्रीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांची परीक्षा २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम वाहनावर घेण्यात आली. समोरच्या दिव्यांच्या झोतात पादचारी दिसण्यास त्यांचा काहीही उपयोग झालेला आढळला नाही. त्यापेक्षा पुढची काच आतून पुसावी. तिच्यावर बसलेला धुरकट थर दिव्यांचा प्रकाश पसरवितो. समोरून झोत आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी आणि वेग कमी करावा. इतके करूनही दिव्यांभोवती कडी दिसत असतील, तर मोतीबिंदू अथवा काचबिंदूची शंका घेऊन त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्यावेत, आणि तोवर रात्रीचा प्रवास बसने करावा.