एक बादली कढत पाण्याचा हिशेब

आठवीच्या वर्गात 'उष्णता' हा पाठ शिकविताना मी फळ्यावर नेहमी एकच उदाहरण मांडतो : १५ लिटरची एक बादली. हिवाळ्यात पहाटे पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अंघोळीसाठी ते ४४ अंशांपर्यंत न्यावयाचे असे धरू. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे १५ गुणिले २४, एकूण ३६० किलोकॅलरी. येथपर्यंत मुले सहज येतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. ही उष्णता आणावयाची कोठून आणि तिचे मोल कोणी द्यावयाचे? या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर हाच हिशेब थोडा विस्ताराने मांडावा, असे वाटते.

स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता असते. शेगडी बरी असेल आणि त्यातील साठ टक्के उष्णता भांड्यात उतरली असे मानले, तर एका बादलीस साधारण ५५ ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांच्या घरात दिवसाला २२० ग्रॅम आणि महिन्याला साडेसहा किलो. १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळजवळ अर्धा भाग केवळ अंघोळीच्या पाण्यात जातो! विजेची सळई वापरली तर याच पाण्यासाठी महिन्याला सुमारे ५० युनिट वीज खर्च होते. आता चूल पाहू. सुक्या लाकडाच्या एका किलोत ३,५०० किलोकॅलरी धरल्या, तरी तीन दगडांच्या चुलीत शंभरातील दहा-बारा भागच भांड्यापर्यंत पोहोचतात. बाकीची उष्णता भिंतीला, वाऱ्याला आणि धुराला जाते. त्यामुळे त्याच चार बादल्यांसाठी महिन्याला सुमारे १०० किलो लाकूड जाळावे लागते.

"लाकूड तर फुकटच आहे," असे पालकसभेत कोणी म्हणते, तेव्हा मी या १०० किलोंची आठवण करून देतो. ते वेचावे लागते, मोळी बांधून डोक्यावर आणावे लागते, पावसाळ्याआधी साठवून ठेवावे लागते. हे काम बहुतेक घरांत आई आणि मोठी मुलगी करते. ज्या दिवशी सरपण आणावयाचे, त्या दिवशी तिची शाळा बुडते. चुलीच्या धुराचा श्वसनाच्या जुनाट विकारांशी, लहान मुलांच्या न्यूमोनियाशी आणि मोतीबिंदूशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने दाखवून दिला आहे. तेव्हा लाकडाची किंमत दुकानदाराला द्यावी लागत नाही एवढेच खरे. ती दुसरीकडे द्यावी लागते.

शासनाने या बाबतीत काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे 'प्रधानमंत्री उज्ज्वला योजना' सुरू झाली. गरीब कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावे गॅसजोडणी, हे तिचे सूत्र. आठ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झाले, तो कार्यक्रम आपल्याच औरंगाबादेत झाला होता. २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात शेगडी आणि पहिला सिलिंडर मोफत मिळू लागला आणि स्थलांतरित मजुरांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र पुरेसे ठरले. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या पालकांच्या दृष्टीने ही लहान वाटणारी सवलत फार मोलाची आहे.

पण जोडणी मिळणे वेगळे आणि गॅस जाळता येणे वेगळे. उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाने वर्षाला सरासरी किती सिलिंडर घेतले, ते पाहावे : २०१९-२० मध्ये सुमारे तीन, २०२४-२५ मध्ये सुमारे साडेचार. वाढ झाली हे खरे. परंतु चार माणसांच्या घराचा स्वयंपाक आणि अंघोळ एवढ्यावर होत नाही. कित्येक घरांत सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवलेला असतो आणि भाकरी चुलीवरच होते. याचे कारण अज्ञान नव्हे. अनुदान सिलिंडरमागे आधी २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये झाले. पण ते मागाहून बँकेत जमा होते. दारात सिलिंडर उतरवून घेताना पूर्ण रक्कम हातात असावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात ती एकरकमी असतेच असे नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजने'तून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरविले, त्याचाही लाभ जोडणी स्त्रीच्या नावे असेल तरच मिळतो.

थंड देशांत हाच प्रश्न घर उबदार ठेवण्याच्या रूपाने येतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी 'इंधनदारिद्र्य' अशी संज्ञाच रूढ झाली आहे. तिची कारणे तिकडचे अभ्यासक तीन सांगतात : अपुरे उत्पन्न, महाग इंधन आणि उष्णता टिकवू न शकणारे घर. तेथे १९९७ पासून वृद्धांना हिवाळ्यात इंधनासाठी रोख रक्कम मिळते. २०२४ मध्ये सरकारने ती केवळ अतिगरीब निवृत्तांपुरती ठेवली. मोठा असंतोष झाला आणि पुढच्याच वर्षी, इंग्लंड व वेल्समध्ये, वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या वृद्धांना ती पुन्हा लागू करावी लागली. ही मदत उपकरणासाठी नसून रोजच्या जाळण्यासाठी आहे, हे येथे लक्षात घ्यावे. आपल्याकडे मदतीचा मोठा भाग पहिल्या दिवशी मिळतो. कुटुंबाला टंचाई भासते ती तिसऱ्या महिन्यात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषय त्याच खात्याकडे होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. वीज केवळ उपलब्ध असून भागणार नाही, ती स्वस्त आणि विपुल असली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. गॅसलाही तीच कसोटी लावावयास हरकत नाही.

आता घरातील बचतीविषयी. ज्याच्या घरी इंधनच अपुरे आहे त्याला काटकसरीचा उपदेश करणे मला रुचत नाही. तथापि हातात आलेला सिलिंडर दहा दिवस अधिक पुरला तर ते दहा दिवस धुराविना जातात. पाणी एकदा उकळू लागले की आच कितीही वाढविली तरी उघड्या पातेल्यातील तापमान वाढत नाही, केवळ वाफ अधिक होते. म्हणून उकळी येताच आच मंद करावी आणि झाकण ठेवावे. डाळ, कडधान्ये आदल्या रात्री भिजत घालावीत. ज्योत पिवळी दिसू लागली तर बर्नरची छिद्रे साफ करावीत. भाताला चांगली उकळी आल्यावर घट्ट झाकलेले पातेले जाड गोधडीत गुंडाळून तासभर ठेवले, तर तो स्वतःच्या उष्णतेवर शिजतो. आमच्या मुलांनी हा प्रयोग वसतिगृहात केला आणि भात त्याच रात्री संपविला! अंघोळीचे पाणी काळ्या रंगाच्या पिंपात दिवसभर उन्हात ठेवून सायंकाळी वापरले आणि ते २० वरून ३० अंशांपर्यंत आलेले असले, तर इंधनाची चाळीस टक्के बचत तेथेच झाली.

पक्के छत आणि थोडी ऐपत असणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेचा विचार अवश्य करावा. छतावरील सौर वीजसंचासाठी एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. सौर बंब बसविणार असाल तर पाणी खारे आहे की गोडे, हे आधी पाहावे. खाऱ्या पाण्याने नळ्यांत क्षार साठतो आणि दोन-चार वर्षांत बंब निरुपयोगी होतो.

उज्ज्वलाच्या जोडणीवर १४.२ किलोऐवजी ५ किलोचा सिलिंडरही घेता येतो आणि त्यावर प्रमाणात अनुदान मिळते, ही माहिती फार थोड्यांना आहे. एकरकमी पैसे नसणाऱ्या घराला तो सोयीचा ठरतो. अनुदान जमा होत नसेल तर बँक खाते आधारशी जोडलेले आहे का आणि वितरकाकडे ई-केवायसी झाले आहे का, या दोन गोष्टी प्रथम तपासाव्यात. ज्या घरी वाचता येणारे कोणी नाही, तेथे हे काम शेजारच्या शिकलेल्या मुलाने करावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठवीच्या मुलांना घरच्या सिलिंडरची नोंद करून आणावयास सांगितले होते : कधी लावला, किती दिवस चालला, आणि आपल्या हिशेबाप्रमाणे किती चालावयास हवा होता. एका मुलीचा गुणाकार, भागाकार सारे बिनचूक होते. हिशेबाने उत्तर आले होते ३५ दिवस. सिलिंडर मात्र ११० दिवस चालला होता. फरकाचे कारण लिहा, या रकान्यात तिने दोनच शब्द लिहिले होते : "बाकी चूल."