सारखे दिसणारे सरडे व त्यांचे गोत्र

रूप सारखे म्हणजे जात एकच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे आपल्याच माळरानावरील एका उपेक्षित प्राण्याच्या उदाहरणाने पाहू.

उन्हाळ्यात दगडाच्या माथ्यावर बसून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी पसरविणारा एक लहान सरडा आढळतो. हा पंखा नराचा. मादीस रिझविण्याकरिता व प्रतिस्पर्ध्यास दटावण्याकरिता तो त्याचा उपयोग करतो. मादी मातकट रंगाची असते. मागील पायास चारच बोटे, ही या सर्वांची सामाईक खूण होय. १८२९ साली क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाँडिचेरीवरून यास ‘सिताना पाँटिसेरियाना’ असे नाव दिले. १८७० साली जर्डन यांनी दख्खनची एक निराळी जात वर्णिली. तथापि पुढे पुष्कळ काळ असले बहुतेक सरडे त्या पहिल्याच नावाखाली घातले जात.

मग निवाडा कसा झाला? पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी केली, हे आपणांस ठाऊक आहेच. हस्तलिखितांत एक नियम दिसतो: दोन प्रतींत नेमक्या त्याच चुका असतील, तर त्या बहुधा एकाच जुन्या प्रतीवरून उतरलेल्या असतात. प्राण्यांच्या पेशींतील डीएनए हाही असाच एक लेख आहे. पिढ्यानुपिढ्या त्याची नक्कल होते व क्वचित एखादे अक्षर बदलते. ज्यांचे बदल समान, त्यांचा पूर्वज जवळचा. जितके भेद अधिक, तितकी फारकत जुनी. या साक्षीस शरीराच्या मोजमापाची साक्ष जोडून शास्त्रज्ञ वंशवृक्ष मांडतात.

दीपक, वरद गिरी व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली याच रीतीने पाच नव्या जाती जाहीर केल्या. काही सरडे तर इतके निराळे ठरले की, त्यांकरिता नवी प्रजाती स्थापावी लागली. तिचे नाव आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ असे ठेवले आहे! तिच्यातील एक जात डार्विनच्या नावाची आहे. कारण या पंख्याविषयी त्याने १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले होते. दुसरी, ‘सरडा सुपर्बा’, सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरची. तिच्या नराचा पंखा निळा, काळा व नारिंगी असतो.

याच पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, चक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरडे वाढले. परंतु ते कमी पुष्ट, कमी सावध व त्यांच्या पंख्याचे रंग फिके.

येथे विचार करावा. सर्व सरडे एकाच नावाखाली राहिले असते, तर एका पठारावरचे नाहीसे झाले तरी ‘अन्यत्र पुष्कळ आहेत’ असे म्हणून आपण स्वस्थ बसलो असतो. जे वेगळे ओळखले नाही, त्याचा नाश लक्षातही येत नाही. आपण ज्यास ‘पडीक’ म्हणतो, तो माळ कोणाचे तरी एकमेव घर असू शकतो.

पवित्र शास्त्रात आदामाकडे प्राण्यांस नावे ठेवण्याचे काम सोपविले आहे. ते काम अद्याप संपलेले नाही. याकरिता मुलांनो, माळावर जाल तेव्हा सरड्यास दगड न मारता दुरून पाहा, आणि स्थळ, दिवस व पंख्याचा रंग वहीत टिपून ठेवा. पालकांनीही त्यांस उत्तेजन द्यावे. नीट पाहणे हीच ज्ञानाची पहिली पायरी, आणि निर्माणकर्त्याच्या कृतीविषयीचा आदरही तोच.