पोस्टिंग वडशाला मिळालंय, जायचं का?

सरकारी बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली, पेढे वाटून झाले आणि मग नेमणुकीचं ठिकाण कळलं: देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचं वडसा, जिल्हा गडचिरोली. खराडीतल्या घरात अशा वेळी काय होतं ते मी समुपदेशनाच्या कामात वारंवार पाहते. आई मोबाइलवर नकाशा उघडते. वडील मोठ्या पदावरच्या ओळखी आठवू लागतात, "बदली करून घेता येते का बघू" म्हणतात. आणि जिची नोकरी आहे ती मुलगी गप्प बसलेली असते.

यातले बरेच पालक स्वतः लातूर, नांदेड, बीड, धाराशिवकडून पुण्यात आलेले आहेत. गावाकडे काम नव्हतं म्हणून आले, नगर रोडच्या आसपास भाड्याने राहिले, पुढे कर्ज काढून फ्लॅट घेतला. त्यांचा प्रश्न सरळ असतो: "मॅडम, ज्यातून आम्ही बाहेर पडलो, तिकडेच परत पोरीला पाठवायचं?" या प्रश्नामागे आयुष्यभराचे कष्ट आहेत. "जाऊ द्या हो, अनुभव मिळेल" असं म्हणून त्याची बोळवण करता येत नाही.

मागासलेपणा काल्पनिकही नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. आरोग्य, शिक्षण, शेती, रस्ते अशा बाबतींत मागे राहिलेले जिल्हे म्हणून ही निवड झाली होती. तिथल्या तालुक्याच्या गावी राहायला जायचं तर अडचणी येणारच.

तरी माझं मत असं आहे की गाव गरीब आहे एवढ्यावरून नकार देऊ नये, आणि गावाचं भलं होईल एवढ्यावरून होकारही देऊ नये. आधी दोन गोष्टी तपासा. तुमचा पगार कुणाच्या खिशातून येणार आहे? आणि दोन-तीन वर्षांनी तिथून निघालात तर हातात असं काय असेल, ज्याला दुसरीकडेही किंमत आहे?

पहिली गोष्ट फार कमी घरांत विचारली जाते. बँक, रेल्वे, टपाल, सरकारी रुग्णालय, विद्यापीठ यांचा पगार गावाच्या आर्थिक परिस्थितीवर ठरत नाही. त्या वर्षी धान बुडालं म्हणून वडशाच्या शाखेतल्या अधिकाऱ्याचा पगार थांबत नाही. पण गावात एकच कारखाना असेल, नोकरी त्या कारखान्यात असेल आणि बाजारपेठही त्याच्यावरच चालत असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो. अचलपूरची फिनले मिल आणि बार्शीची टेक्सटाईल मिल या दोन्ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर त्याही बंद झाल्या. टाळेबंदी उठली, पण भोंगा वाजला नाही. कामगार वर्षानुवर्षं मोर्चे आणि निवेदनं यांतच अडकले. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेव्हा केंद्रावर अवलंबून असलेल्या ठेकेदारांचे आणि कंत्राटी कामगारांचे हाल झाले. मालक सरकार आहे म्हणजे नोकरी पक्की, असा समज असेल तर ही उदाहरणं लक्षात ठेवावीत.

एकाच कारखान्यावर अवलंबून राहण्याची जोखीम जुना इतिहासही सांगतो. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर गेले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जमीन दिली. याच संस्थानाच्या आश्रयाने १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. किर्लोस्करवाडीने नांगरापासून सुरुवात केली आणि काळ बदलला तशी पंपांकडे वळली; तिथे आजही पंप बनतात. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एके काळी घराघरात होता. गावोगाव वीज आली, कंदिलाची गरज सरली, आणि कारखाना बंद झाला. आज बहुतेकांना ओगलेवाडी कराडच्या रेल्वे स्थानकापुरती माहीत आहे. १९२० साली एखादा तरुण नोकरीसाठी या दोन्ही माळांवर जाऊन उभा राहिला असता, तर त्याला फरक दिसला नसता. म्हणून खासगी कारखान्याची ऑफर असेल तर तो काय बनवतो, कुणाला विकतो आणि दहा वर्षांनी ती वस्तू लागणार आहे का, हे शोधा. तिथे आत्ता काम करणाऱ्या एकाला तरी गाठा आणि विचारा की पगार किती तारखेला होतो, भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात दर महिन्याला नोंद दिसते का, आणि नोकरी कंपनीच्या पे-रोलवर आहे की ठेकेदाराच्या. नियुक्तिपत्रातल्या सीटीसीच्या आकड्यापेक्षा या उत्तरांवर जास्त विश्वास ठेवा.

हाच प्रश्न खराडीलाही लावून पाहा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेलं हे गाव. आज ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि भोवतालचे टॉवर यांवर इथली घरभाडी, खानावळी, पाळणाघरं सगळं उभं आहे. परदेशातल्या ग्राहकाने खर्च आवरला की इथे फ्रेशर्सची भरती आटते आणि बेंचवर बसलेल्यांची झोप उडते. म्हणजे एकाच धंद्यावर अवलंबून राहण्याची जोखीम पुण्यातही आहे. फरक एवढाच की इथे नोकरी गेली तर दुसरी कंपनी रिक्षाच्या अंतरावर असते. वडशाला तशी नसते. हा फरक मोठा आहे, आणि खासगी नोकरीसाठी लहान गावात जाणाऱ्याने त्यासाठी किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाच पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, हातात काय येईल. बँकेचंच उदाहरण पुढे नेते. खराडीच्या शाखेत नवा अधिकारी बहुतेक वेळ गृहकर्जाच्या फायली आणि पगार खात्यांत घालवतो. वडशासारख्या धानपट्ट्यातल्या निमशहरी शाखेत त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर पीककर्ज, किसान क्रेडिट कार्ड, बचत गटांची कर्जं, राइस मिलवाल्याचं खेळतं भांडवल आणि मुद्रा योजनेचे अर्ज एकाच दिवशी येतात. माणसं कमी असल्याने रोखीपासून वसुलीपर्यंत सगळं शिकावं लागतं. सरकारी बँकांत पुढच्या बढत्यांच्या वेळी ग्रामीण आणि निमशहरी शाखांतलं काम पाहिलं जातं. ते आज ना उद्या करायचंच आहे. मग बाविसाव्या वर्षी, पाठीमागे मुलाची शाळा आणि घराचा हप्ता नसताना केलेलं बरं. चाळिशीत तेच काम घर दुभंगून करावं लागतं.

डॉक्टरांच्या बाबतीत तर पर्याय मर्यादितच असतो. महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची सक्तीची सेवा असते, ती न केल्यास १० लाखांचा दंड. पैसे भरून मोकळं होऊ म्हणणारे पालक मला भेटतात. माझं त्यांना स्पष्ट सांगणं असतं की दंड भरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने घेतलेले निर्णय मोठ्या रुग्णालयात वरिष्ठांच्या मागे उभं राहून शिकता येत नाहीत.

गडचिरोलीचा विषय निघाला की कुणीतरी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं नाव घेतंच. त्यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. जागतिक दर्जाचं काम मागास जिल्ह्यात बसून होतं याचा हा पुरावा आहे. पण मुलांना हे सांगताना दुसरी बाजूही सांगते. ते दोघं वैद्यकीय शिक्षण पुरं करून, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून, काय करायचं ते ठरवून तिथे गेले. मनात नुसती ओढ आहे, दिशा नाही, अशा मुलाने थेट नोकरी सोडून जाऊ नये. त्याच संस्थेचा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम २००६ पासून चालतो. आधी तिथलं शिबिर करावं.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय कर्मचाऱ्याला पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के घरभाडे भत्ता मिळतो, लहान गावात १० टक्के. मूळ वेतन ५०,००० असेल तर इथे १५,००० आणि तिथे ५,०००. पालक इथेच थांबतात, दहा हजारांचं नुकसान म्हणतात. पण पंधरा हजारांत खराडीत धड वन बीएचके मिळत नाही, आणि पाच हजारांत तालुक्याच्या गावी दोन चांगल्या खोल्या मिळू शकतात. उलट, सुट्टीला घरी येण्याचा खर्च कुणी धरत नाही. वडशाहून नागपूर आणि मग नागपूरहून पुण्याची रात्रभराची ट्रॅव्हल्स. दिवाळीत तिचे दर दुप्पट होतात. राज्य सरकारच्या नोकरीत आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांसाठी एकस्तर वेतनश्रेणीची तरतूद आहे, ती तुमच्या पदाला लागू आहे का ते विचारा. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा धरला आहे. ओळखीच्या माणसाच्या "वर्षभरात आणतो परत" या शब्दावर बेत आखू नका.

रुजू व्हायच्या आधी गाव पाहून या, आणि रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी जा, एक रात्र तिथे काढा. खोली दाखवणाऱ्या घरमालकाला भाड्याआधी विचारा की नळाला पाणी किती दिवसाआड येतं. मराठवाड्यातल्या काही गावांत आठ दिवसाआड पाणी हे साधं वास्तव आहे आणि खोलीचा दर त्यावर ठरतो. खोलीत उभं राहून फोन लावून बघा, रेंज गच्चीवर येते की आतही. एसटी स्टँडवरच्या फलकावर शेवटची गाडी किती वाजता ते वाचा. औषधाच्या दुकानात विचारा की रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर माणसाला कुठे नेतात, आणि किती वेळ लागतो. या उत्तरांतून जे कळतं ते कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. मुलीसाठी खोली बघताना एकट्या मुलीला घर देतात का, शाखेतल्या किंवा शाळेतल्या आणखी कुणी बाई जवळपास राहतात का, हे आईने स्वतः विचारावं.

तिथे काहीच नाही, हे वाक्यही तपासूनच बोलावं. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य केंद्र आहे. दिवाळीनंतर इथल्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात आणि शेतकरी तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मॉल नसेल, पण गावाला स्वतःचं जगणं आहे. नव्या माणसाने त्यात भाग घेतला तर तो टिकतो. दर शुक्रवारी बॅग भरणारा टिकत नाही.

लग्नाचा प्रश्न पालक शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. "मुलगा तिकडे आहे म्हटल्यावर स्थळं येतील का?" काही येणार नाहीत, हे खरं आहे. जोडीदाराचीही नोकरी असेल तर लहान गावात दोघांना काम मिळणं अवघड, हेही खरं. म्हणून लग्न ठरलेल्यांनी बदलीचा नियम वाचून दोघांनी मिळून ठरवावं. बिनलग्नाच्या चोवीस वर्षांच्या मुलाने मात्र न आलेल्या स्थळासाठी हातातली नोकरी सोडू नये.

नकार कधी द्यावा, हेही सांगते. घरात एकट्या पडणाऱ्या आजारी आई-वडिलांना दुसरं कुणी नसेल. स्वतःचे उपचार सतत चालू असतील आणि तज्ज्ञ डॉक्टर तासाभरावर नसेल. पगार तारखेला होत नाही असं आतल्या माणसाने सांगितलं असेल. किंवा मूळ कागदपत्रं जमा करून घेणारा, मोठ्या रकमेचा करार समोर ठेवला असेल. यातलं एक जरी असेल तर नाही म्हणा, आणि त्याची लाज बाळगू नका.

बाकी सगळ्यांना माझा सल्ला जाण्याचाच आहे. पालकांना एक विनंती. नकाशा बंद करा, मुलीला सोबत घेऊन एकदा तिथे जाऊन या, आणि परत येताना गाडीत तिला आधी बोलू द्या.