श्रमिकांची मुले आणि पाळणाघर : कर्जत-खालापूरचा विचार

भाताची झोडणी आटोपली, दिवाळी सरली की कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्यांतून अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. उचल आधीच घेतलेली असते आणि काम नवरा-बायकोच्या जोडीचे असते. पावसाळा तोंडावर येईपर्यंत परतणे नाही. अंगणवाडी वाडीत राहते, मूल भट्टीवर जाते. आईचे हात चिखलात गुंतलेले असताना तान्ह्याला सांभाळते ती त्याची सात-आठ वर्षांची बहीण. शाळेच्या हजेरीपटावर ती गैरहजर असते. कारणाचा रकाना तेथे नसतो.

हा अनुभव नवा नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. धाकट्या भावंडांमुळे थोरली मुले शाळेत येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. कडेवरचे मूल पाळणाघरात सोपवून बहीण वर्गात बसू लागली. गुरे राखणाऱ्यांसाठी तर कुरणशाळाच भरविण्यात आली! शाळेची वेळ मुलांच्या दिनक्रमाशी जुळविण्याची ही दृष्टी आजही दुर्मीळच म्हणावी लागेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तथापि, तिचे पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलाचा आहार घरी येतो, पण दिवसभर त्याला ठेवावे कोठे, हा प्रश्न उरतोच. २०२२ मध्ये आलेल्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची मुले घेतली जातात; पाळणाघर महिन्यातून २६ दिवस, रोज साडेसात तास चालावे, अशी अपेक्षा आहे. मजुरीच्या दिवसाशी हे बरेचसे जुळते. कर्जतहून लोकलने मुंबईस नोकरीला जाणाऱ्या मातेस मात्र तेवढे तास पुरणार नाहीत.

कारखान्यांबाबत १९४८ च्या अधिनियमाने पाळणाघराची तरतूद केली होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यास ती लागू झाली. लहान कार्यशाळा व वीटभट्ट्या अशा संख्येच्या अटीत सहसा बसत नाहीत. तेथे ग्रामपंचायतीनेच पुढाकार घ्यावयास हवा.

स्थलांतरापूर्वीच्या ग्रामसभेत जाणाऱ्या कुटुंबांची यादी करून ती भट्टीच्या गावातील अंगणवाडी सेविकेस कळवावी. यादीत तान्ह्या मुलाच्या नावासमोर त्याला सांभाळणाऱ्या भावंडाचे नाव व इयत्ताही लिहावी, म्हणजे तेथील शिक्षकांनाही तिचा उपयोग होईल.